चौकोन मोडतो तिथे थांबा: दक्षिण सस्कॅचेवान नदीकाठचे नकाशे

नदीकाठचा

प्रेअरी म्हटलं की शाळेच्या भूगोलातलं वाक्य आठवतं: विस्तीर्ण सपाट गवताळ प्रदेश, गव्हाचं कोठार. कॅनडातल्या सॅस्कटूनला नव्याने आलेली आपली मंडळीही पहिल्या वर्षी हेच म्हणतात, की तीन तास गाडी चालवली तरी बाहेर काही बदलत नाही. मला हे ऐकून दर वेळी वाईट वाटतं, म्हणून हा धागा. गाडीतून जे दिसत नाही ते नकाशात दिसतं. एल्बो गावापासून सॅस्कटूनवरून बटोशपर्यंतचा दक्षिण सस्कॅचेवान नदीचा काठ मी बरीच वर्षं नकाशांवरून वाचतोय. इथे सगळी जमीन चौकोनांत आखलेली आहे. म्हणून माझी पद्धत एकच: चौकोन जिथे मोडतो तिथे थांबायचं आणि तो का मोडला ते शोधायचं.

आधी चौकोन समजून घेऊ. कॅनडा सरकारने १८७१ पासून पश्चिमेकडच्या मैदानाची मोजणी सुरू केली, तिला डोमिनियन लँड सर्व्हे म्हणतात. पाया म्हणजे अमेरिकेची सीमा, ४९ अंश उत्तर. पहिली उभी मुख्य रेघ, म्हणजे मेरिडियन, विनिपेगच्या जरा पश्चिमेला, मग दुसरी १०२ अंश पश्चिमेवर, तिसरी १०६ वर, चौथी ११० वर. या जाळ्यात सहा मैल बाय सहा मैलांच्या टाउनशिप, आणि टाउनशिपांची उभी रांग म्हणजे रेंज. प्रत्येक टाउनशिपमध्ये एकेक चौरस मैलाचे ३६ सेक्शन आणि प्रत्येक सेक्शनचे चार क्वार्टर, म्हणजे १६० एकरांचा एक तुकडा.

शेतकरी आजही पत्ता असाच सांगतात: 'एनडब्ल्यू १४-३७-५-डब्ल्यू३'. तो मागून पुढे वाचायचा. तिसऱ्या मेरिडियनच्या पश्चिमेला, पाचवी रेंज, सदतिसावी टाउनशिप, चौदावा सेक्शन, त्याचा वायव्य क्वार्टर. यात अंतरही दडलेलं आहे. सदतिसावी टाउनशिप म्हणजे सीमेपासून उत्तरेला ३६ टाउनशिप ओलांडल्या, साधारण ३५० किलोमीटर. पाचवी रेंज म्हणजे १०६ अंशांच्या रेघेपासून पश्चिमेला चाळीसेक किलोमीटर. सॅस्कटून नेमकं तिथेच आहे. रेंज रोड ३०५४ अशी पाटी दिसली तर तीही याच हिशेबाची: तिसरा मेरिडियन, पाचवी रेंज आणि त्या रेंजमधला कितवा मैल.

सेक्शनचे आकडे आग्नेय कोपऱ्यातून सुरू होतात आणि नागमोडी वर चढतात. आकडा बघून जमीन मुळात कुणासाठी राखली होती तेही कळतं. बहुतेक सम आकडे होमस्टेडसाठी: १८७२ च्या कायद्याने १० डॉलर भरायचे, तीन वर्षं राहायचं, जमीन फोडायची, घर बांधायचं, मग मालकी. विषम आकडे बहुतांशी रेल्वे कंपन्यांना. ११ आणि २९ शाळांच्या निधीसाठी. ८ पूर्ण आणि २६ चा मोठा भाग फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीला, कारण १८७० मध्ये तिने आपला प्रदेश सोडताना रोख रकमेबरोबर सुपीक पट्ट्याचा विसावा हिस्साही मागून घेतला होता. एवढं माहीत असलं की कोऱ्या चौकोनांची पाटी बोलायला लागते.

आता मोडलेले चौकोन. सॅस्कटूनहून नदीबरोबर उत्तरेला निघा. ऑस्लर आणि हेगच्या आसपास चौकोनांच्या मधोमध एकाच रस्त्याच्या दुतर्फा ओळीने घरं असलेली खेडी लागतात, नॉयअनलागे, नॉयहोर्स्ट अशी. ही मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची वस्ती. कायद्याप्रमाणे प्रत्येकाने आपापल्या क्वार्टरवर एकटं राहायचं होतं. यांनी गावात एकत्र राहून शेती करायची सवलत मिळवली. आणखी पुढे बटोशला आलात की चौकोन संपतात आणि नदीला काटकोनात लांबच लांब अरुंद पट्टे सुरू होतात. हे मेटी लोकांचे. त्यावर पुढच्या प्रतिसादात लिहितो, कारण मला या सगळ्या नकाशात तीच जागा सर्वांत महत्त्वाची वाटते.

---

सह्याद्रीची_लेक

फार आवडलं. सर्व्हे ऑफ इंडियाचे टोपोशीट घेऊन डोंगरात फिरायची सवय असल्याने लगेच तुमच्या भागाचा १:५०,००० चा नकाशा उघडून बसले. पण गोंधळ झालाय. आपल्याकडे नकाशा हातात आला की मी आधी निळ्या रेघा बघते. ओढा ओढ्याला मिळतो, ओढे नदीला मिळतात, त्यावरून सोंड कुठली आणि घळ कुठली ते कळतं. इथे नदी आहे, आणि तिच्यापासून थोडं दूर गेलं की नुसते निळे ठिपके. शेकडो. त्यांना जोडणारी रेघच नाही. ओढे गेले कुठे?

---

नदीकाठचा

ताई, नेमका प्रश्न विचारलात. ओढे तयारच झालेले नाहीत. इथून बर्फाची चादर मागे हटली त्याला साधारण बारा हजार वर्षं झाली, भूरचनेच्या हिशेबात कालची गोष्ट. बर्फ वितळताना मागे टाकलेल्या गाळात खळगे राहिले. पाण्याला ते एकमेकांना जोडून वाट कोरायला वेळच मिळालेला नाही, त्यात पाऊसही कमी, वर्षाला पावसाबर्फाचं मिळून ३५ ते ४० सेंटिमीटर पाणी. म्हणून प्रत्येक खळगा स्वतःपुरता. स्थानिक लोक त्याला स्लू म्हणतात.

याचा परिणाम मोठा आहे. नदीपासून पाच-सात किलोमीटरवर पडलेला पाऊस बहुतेक वर्षी नदीत पोचतच नाही. तो स्लूमध्ये साचतो, जमिनीत मुरतो, उन्हात उडून जातो. इथले जलशास्त्रज्ञ नदीच्या खोऱ्याची दोन क्षेत्रफळं देतात: एक उंचवट्यांवरून ठरणारं एकूण खोरं आणि दुसरं, साधारण वर्षी ज्याचं पाणी खरोखर नदीला मिळतं ते. दुसरं पहिल्याच्या मानाने खूपच लहान भरतं. बर्फ भरपूर पडून वसंतात एकदम वितळलं तर खळगे भरून एकातून दुसऱ्यात सांडतात आणि खोरं तात्पुरतं वाढतं. एखादी रेघ नकाशात तुटक निळी दिसली तर बहुधा ती ही सांडण्याची वाट.

मग नदीत पाणी येतं कुठून? रॉकी पर्वतातून. बो आणि ओल्डमन या दोन नद्या अल्बर्टात एकत्र येतात आणि दक्षिण सस्कॅचेवान बनते. मैदानातून ती जाते, पण मैदानाचं पाणी तिच्यात फारसं नसतं.

स्लूंमध्येही फरक बघा. ज्यांना बाहेर वाट नाही त्यांच्यात क्षार साठतात, उपग्रहचित्रात कडा पांढऱ्या दिसतात. वॉट्रस गावाजवळचं लिटल मॅनिटू तळं इतकं खारट आहे की माणूस त्यात तरंगतो.

---

मोजणीदार

भूमी अभिलेख खात्यात आयुष्य गेलं, त्यामुळे हा धागा दोनदा वाचला. एक दुवा जोडतो. तुमच्याकडची सगळी मोजणी गंटरच्या साखळीवर, ६६ फुटांच्या, झालेली असणार. ८० साखळ्यांचा मैल, १० चौरस साखळ्यांचा एकर. आपल्या मुंबई इलाख्याच्या मोजणीत तिची निम्मी साखळी वापरली, ३३ फुटी, सोळा आण्यांची. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. म्हणजे तुमच्या क्वार्टरचे ६४०० गुंठे होतात. दोन्हीकडे साखळी एकाच साम्राज्याची.

पण ती फिरवण्याची रीत फार वेगळी. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात जी पद्धत बसवली, तिच्यात शेत आधीच होतं. बांध होता, वहिवाट होती, कुणबी तिथे उभा होता. मोजणीदाराने त्या बांधाभोवती साखळी फिरवून सर्व्हे नंबर दिला. म्हणून आपला गाव नकाशा वेडावाकडा असतो: नाल्याच्या कडेने वळतो, जमिनीच्या मगदुराप्रमाणे तुकडे लहानमोठे होतात. तुमच्याकडे साखळी आधी आणि शेत नंतर. मला प्रश्न असा की मेटी लोक तर आधीपासून राहत होते ना? मग त्यांच्या वहिवाटीची मोजणी का झाली नाही?

---

नदीकाठचा

काका, तुम्ही जखमेवरच बोट ठेवलंत.

मेटी म्हणजे फरचा व्यापार करणारे युरोपीय पुरुष आणि इथल्या क्री, ओजिब्वे स्त्रिया यांच्यापासून वाढलेला स्वतंत्र समाज. स्वतःची भाषा, स्वतःची वहिवाट. त्यांची जमीन नदीला टेकलेली असे: काठावर काही साखळ्यांची रुंदी आणि मागे दोनेक मैल खोली. प्रत्येकाला पाणी, काठावरचं लाकूड, वरची शेतजमीन आणि मागचं गवत मिळे, शिवाय शेजारी हाकेच्या अंतरावर. चौकोनी क्वार्टरमध्ये यातलं बरंचसं तुटतं. नदी एखाद्याच्याच वाट्याला येते, बाकीच्यांना ती दिसतही नाही.

पहिला खटका १८६९ मध्ये रेड नदीकाठी उडाला, आजच्या विनिपेगजवळ. ११ ऑक्टोबरला मोजणीवाले आंद्रे नॉल्टच्या गवताच्या जमिनीवर साखळी टाकायला आले. मेटींचा पुढारी लुई रिएल आणि त्याच्या सोबत्यांनी साखळीवर पाय ठेवून काम थांबवलं. त्या विरोधातून मॅनिटोबा प्रांत जन्माला आला, तरी बरीच मेटी कुटुंबं पुढच्या वर्षांत पश्चिमेला सरकली. त्यांतली कितीतरी दक्षिण सस्कॅचेवानच्या काठी, बटोश आणि सेंट लॉरेंटला येऊन वसली. तिथेही मोजणी पाठोपाठ आली. काही भाग पट्ट्यांत मोजला गेला, पण बराच भाग चौकोनांत आखून टाकलेला होता. लोकांनी अर्जावर अर्ज केले, की आमच्या वहिवाटीप्रमाणे पुन्हा मोजा, आमची नावं लावा. ओटावाहून उत्तर वेळेवर आलं नाही. शेवटी १८८५ मध्ये उठाव झाला. त्यामागे भूक होती, बायसनचे (इथल्या रानगव्यांचे) कळप संपले होते, करार पाळले जात नव्हते. पण बटोशपुरतं बोलायचं तर जमिनीचा नकाशा हे अगदी जवळचं कारण होतं. ९ ते १२ मे १८८५, चार दिवस तिथे लढाई झाली. रिएलला त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला रेजायनात फाशी दिलं.

म्हणून बटोशजवळ चौकोन मोडून पट्टे सुरू होतात ती जागा नकाशावर बोट ठेवून दाखवावी अशी आहे. जिथे लोकांना थोडंफार मान्य करून घ्यावं लागलं तिथे नकाशा बदलला. काठाकाठाने नावं वाचत जा: मेटींचा लढवय्या नेता गॅब्रिएल ड्युमाँ जिथे तर (नदी ओलांडायची नाव) चालवायचा तिथे आज गॅब्रिएल पूल आहे. सेंट लॉरेंट, हेग, क्लार्कबोरो या ठिकाणी अजून उन्हाळ्यात तरीवरून गाडी पलीकडे नेतात. बटोशच्या तरीचा दोर खाली सोडून मेटींनी सरकारच्या नॉर्थकोट आगबोटीची धुरांडी तोडली होती.

---

अनामिक_वाचक

हे सगळं पटतंय, पण एक हरकत आहे. पट्टे काय, चौकोन काय, हे दोन्ही नकाशे जमीन तुकड्यांत मोजणाऱ्यांचेच. त्याआधी इथे क्री, सोटो, डकोटा, ब्लॅकफूट लोक होते. त्यांची जमीन कुठल्या नकाशात वाचायची? राखीव वस्त्यांच्या सीमा दिसतात, वन ॲरो, बियर्डीज, व्हाइटकॅप. पण त्याही सरकारनेच आखलेल्या.

---

नदीकाठचा

हरकत योग्य आहे आणि ती मी खोडत नाही. १८७६ मध्ये फोर्ट कार्ल्टनला सहावा करार झाला, त्यानंतर या सीमा आखल्या गेल्या. १८८५ नंतर तर राखीव वस्तीबाहेर जायला सरकारी माणसाकडून परवान्याचा कागद घ्यावा लागे. म्हणजे नकाशावरची ती रेघ अनेक वर्षं प्रत्यक्ष कुंपण होती. नकाशा वाचताना एक बघा: ग्रिड रोड मैलामैलाने सरळ येतात आणि त्या सीमेपाशी थबकतात.

पण त्यांचे नकाशे नव्हते असं समजू नका. याच नदीच्या वरच्या अंगाला रेड डियर नदी येऊन मिळते, तिथे हडसन्स बे कंपनीचं चेस्टरफील्ड हाउस हे ठाणं होतं. १८०१ च्या फेब्रुवारीत तिथे ब्लॅकफूट प्रमुख अको मोकी याने कंपनीच्या पीटर फिडलरसाठी एक नकाशा काढला. रॉकी पर्वताची रांग, तिच्यातून निघणाऱ्या मिसुरी आणि सस्कॅचेवानच्या शाखा, कुठे कोणते लोक राहतात, सगळं त्यात आहे. पश्चिम वरच्या बाजूला. नद्या जवळपास सरळ रेघांनी दाखवल्यात. नदीचं प्रत्येक वळण दाखवणं हा त्याचा हेतूच नव्हता. कुठल्या डोंगरापासून कुठली नदी निघते आणि कशानंतर काय लागतं हे प्रवाशाला कळायला हवं होतं, आणि ते त्यात चोख आहे. ती माहिती लंडनला नकाशाकार ॲरोस्मिथच्या छापील नकाशात गेली आणि तोच नकाशा पुढे अमेरिकेच्या लुइस आणि क्लार्क यांनी मोहिमेसाठी अभ्यासला. ज्या प्रदेशाला बाहेरचे लोक कोरा समजत होते तो तिथल्या माणसाच्या डोक्यात पूर्ण आखलेला होता.

आणखी एक जागा सांगतो. डोमिनियन मोजणीवाल्यांनी काढलेले मूळ टाउनशिप नकाशे लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडामध्ये जपलेले आहेत. त्यांत चौकोनांवरून आडव्यातिडव्या जाणाऱ्या वळणदार वाटा नोंदवलेल्या दिसतात: कार्ल्टन ट्रेल आणि तिच्या फांद्या. बैलगाड्यांच्या, घोड्यांच्या, त्याआधी पायी चालणाऱ्यांच्या वाटा. उतार, पाणी आणि उथळ जागा बघून जातात त्या. मोजणीनंतर रस्ते चौकोनांच्या कडेने आखले आणि या वाटा नांगराखाली गेल्या. जुना आणि नवा नकाशा एकावर एक ठेवलात तर त्या परत सापडतात.

---

रेजायनाची_मीरा

मी तिरक्या रेघांबद्दल भर घालते. चौकोनांना न जुमानता तिरकी जाणारी दुसरी गोष्ट म्हणजे रेल्वे. वॉट्रसपासून सॅस्कटूनच्या दिशेने स्टेशनांची नावं वाचा: वॉट्रस, झीना, यंग, झेल्मा, मग ॲलन, ब्रॅडवेल, क्लॅव्हेट. ग्रँड ट्रंक पॅसिफिक या रेल्वे कंपनीने इंग्रजी अक्षरमालेच्या क्रमाने गावं ठेवली. एक माळ झेडला संपली की पुन्हा ए पासून. गाव आधी आणि रेल्वे नंतर असं इथे क्वचितच घडलं.

दोन स्टेशनांमध्ये आठ-दहा मैलच का, तर शेतकऱ्याने घोडागाडीत गहू भरून एलेव्हेटरला (रुळाकाठच्या धान्यकोठाराला) घालावा आणि त्याच दिवशी घरी परतावं एवढं अंतर. ट्रक आल्यावर त्या अंतराची गरज संपली. १९९५ मध्ये धान्यवाहतुकीची सवलत गेली आणि कितीतरी फाटे उखडले गेले, लाकडी एलेव्हेटर पाडले गेले. आमच्याकडे उपग्रहचित्रात शेतांतून जाणारी फिकट तिरकी रेघ दिसली की ती उखडलेली रेल्वे. तिच्यावर ठरावीक अंतराने चार झाडं आणि दोन गल्ल्या दिसतात, ती गावं.

---

सह्याद्रीची_लेक

अजून एक विचारते. नकाशात सरळ रस्ता अचानक एका बाजूला सरकतो आणि पुन्हा सरळ जातो. बऱ्याच ठिकाणी. तिथे नदी नाही, टेकडी नाही, काहीच नाही.

---

मोजणीदार

याचं उत्तर मी देतो. पृथ्वी गोल असल्याने उत्तरेकडे रेखावृत्तं जवळ येत जातात. सहा मैल रुंदीची टाउनशिप वर चढत गेली की रुंदी भरत नाही. मग काही अंतरावर हिशेब नव्याने धरावा लागतो, आणि तिथे वरची उभी रेघ खालच्या रेघेशी जुळत नाही.

---

नदीकाठचा

अगदी बरोबर, काका. दर चार टाउनशिपनंतर, म्हणजे २४ मैलांवर, अशी करेक्शन लाइन येते. रात्री अनोळखी माणसाने तिथे सावकाश जावं, रस्ता खरोखरच काटकोनात वळतो.

मीराताई, तुम्ही रेजायनाच्या आहात म्हणून एल्बोचं सांगतो. दक्षिण सस्कॅचेवान पश्चिमेकडून येते आणि एल्बोजवळ एकदम उत्तरेला वळते. त्या वळणासमोरच, थोड्याशा उंचवट्यापलीकडे, क्वापेल नदीची दरी सुरू होते. नकाशात या दरीच्या कंटूर रेघा बघा: दरी दीड-दोन किलोमीटर रुंद आणि तिच्या तळाशी वाहणारी नदी अगदी किरकोळ. एवढ्याशा पाण्याने एवढी दरी कोरणं शक्य नाही. हिमयुगाच्या शेवटी उत्तरेची वाट बर्फाने अडवलेली असताना वितळलेलं पाणी इथून पूर्वेला धावलं, त्याची ही दरी. बर्फ गेल्यावर नदीला उत्तरेचा उतार मिळाला आणि दरी रिकामी राहिली.

भूवैज्ञानिक हेन्री यूल हाइंड १८५८ मध्ये इथे आला तेव्हा ही रचना त्याच्या लक्षात आली. एल्बोशी बांध घातला तर नदीचं पाणी क्वापेलमध्ये वळवता येईल असं त्याने लिहून ठेवलं. शंभरेक वर्षांनी जवळपास तसंच झालं. १९६७ मध्ये गार्डिनर धरण पूर्ण झालं, ६४ मीटर उंच, आणि क्वापेलच्या तोंडावर दुसरं लहान धरण बांधून तिथून मोजकं पाणी क्वापेलमध्ये सोडतात. ते बफेलो पाउंड तळ्यात जातं आणि तिथून रेजायना, मूस जॉला. तुमच्या नळाचं पाणी त्या जुन्या दरीनेच येतं.

त्या जलाशयाखाली काय गेलं हेही माहीत हवं. मिस्टासेनी नावाची बसलेल्या बायसनच्या आकाराची सुमारे ४०० टनांची शिळा तिथे होती. क्री लोकांचं ते पवित्र स्थान. ती हलवण्यासाठी लोकांनी प्रयत्न केले, पण १९६६ च्या डिसेंबरात ती सुरुंगाने फोडली. नव्या नकाशात तिथे फक्त निळा रंग आहे. धरणाआधीचा नकाशा मिळवून बघाच असं मी प्रत्येकाला सांगतो.

धरणाने खालची नदीही बदलली. वाळू जलाशयात अडकते, उन्हाळ्याचा पूर खुजा झालाय, हिवाळ्यात विजेसाठी पाणी सुटतं म्हणून प्रवाह पूर्वीपेक्षा जास्त. जुन्या चित्रांत उघडे दिसणारे वाळूचे दांडे पुढच्या चित्रांत ठिकठिकाणी विलोच्या झुडपांनी झाकलेले दिसतात.

---

रेजायनाची_मीरा

नळाच्या पाण्याचं माहीत नव्हतं. मुलीच्या शाळेचा प्रकल्प आहे, हेच घेते. नकाशे कोणते उघडू?

---

नदीकाठचा

तीन पुरेत. राष्ट्रीय टोपो मालिकेचे पत्रक (सॅस्कटूनचं ७३बी, नॅचरल रिसोर्सेस कॅनडाकडून फुकट उतरवता येतं, एल्बोसाठी त्याच्या खालचं ७२ओ), त्याच टाउनशिपचा मूळ मोजणी नकाशा आणि आजचं उपग्रहचित्र. पत्ता एकदा टाउनशिप-रेंजमध्ये बसवला की तिन्ही जुळवता येतात. मुलीला आधी रेजायना ते एल्बो दरी बोटाने शोधू दे, मग धरणं दाखवा.

---

एडमंटनकर

उशिरा आलो. आमच्याकडे हे चौकोन लागू होतात का? आणि असे पट्टे कुठे दिसतील?

---

नदीकाठचा

पूर्ण लागू. एडमंटन चौथ्या मेरिडियनच्या पश्चिमेला, टाउनशिप ५२-५३, रेंज २४ च्या आसपास. पट्ट्यांसाठी लांब जायला नको: सेंट आल्बर्टला स्टर्जन नदीच्या दोन्ही काठांवर बघा, आणि शहरातच उत्तर सस्कॅचेवानच्या काठी. तिथले काही रस्ते उत्तर-दक्षिण न जाता नदीला काटकोनात का जातात ते लगेच कळेल. सापडले की इथे टाका, आपण वाचू.